चौकातील दिवा कोणाचे ऐकतो?

जून 2022 मध्ये एक चित्रफीत देशभर पसरली. मोटारीची काच पुसणारा मुलगा आपले घड्याळ फास्टॅगवरून फिरवतो आणि मालकाचे पैसे चोरतो, असा तिचा आशय होता. फास्टॅगचे व्यवहार सांभाळणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तो दावा खोटा ठरवला. पण अशी चोरी का होऊ शकत नाही?

कोल्हापूरहून पुण्याकडे निघाले की किणीचा टोलनाका लागतो. मोटारीच्या काचेवरील फास्टॅगमध्ये विद्युतघट नसतो. नाक्यावरील वाचकयंत्र 865 ते 867 मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी सोडते. त्याच लहरींच्या ऊर्जेवर फास्टॅगमधील इवलीशी चिप जागी होते व आपला क्रमांक सांगते. हा क्रमांक दुसऱ्या कोणाच्या वाचकयंत्रालाही ऐकू येऊ शकेल. परंतु नुसत्या क्रमांकाने पैसे निघत नाहीत. मागणी नोंदणी झालेल्या नाक्याकडून यावी लागते आणि ती त्याच्याकडूनच आली हे पटवणारी अंकीय सही संदेशावर लागते.

म्हणजे संदेशाच्या रक्षणात दोन निरनिराळी कामे आहेत. एक गुप्तता राखण्याचे, दुसरे खरेपणा पटवण्याचे.

गुप्ततेसाठी कूटलेखन करतात. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. पुढे इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्यांचा उलगडा केला. अक्षराऐवजी ठरावीक दुसरे अक्षर वापरले, तर चिकाटीचा अभ्यासक ते ओळखतोच. आजचे कूटलेखन अंकगणितावर उभे आहे. 2001 साली प्रमाण म्हणून स्वीकारलेल्या एईएस पद्धतीत सर्वांत लहान किल्लीसुद्धा 128 बिटांची असते. अशा किल्ल्यांची संख्या 39 अंकी भरते. कोणते वाहन केव्हा कोठून गेले ही नोंद खासगी असते. ती पाठवताना कूटलेखन हवेच.

आता चौकातील दिव्याचे पाहा. हिरवा दिवा लागला हे साऱ्या चौकाला दिसते; त्यात गुपित ते काय? येथे महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे : 'हिरवा कर' हा हुकूम नियंत्रण कक्षानेच दिला का? आणि तो आत्ताच दिला का? दुसरा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा, कारण कूटात लिहिलेला हुकूम न समजताही तो टिपून ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडता येतो!

समजा, दाभोळकर कॉर्नरच्या दिव्यांची पेटी आणि नियंत्रण कक्ष या दोघांनाच 37 आणि 58 हे गुप्त आकडे ठाऊक आहेत. हुकूम आहे 2, म्हणजे 'उत्तर-दक्षिण रस्ता मोकळा करा'. संदेशाचा अनुक्रमांक आहे 415. कक्ष हुकमाला 37 ने व अनुक्रमांकाला 58 ने गुणतो :

2 × 37 + 415 × 58 = 24144

याला 97 ने भागले की बाकी 88 उरते. ही झाली संदेशाची खूण. कक्ष '2, 415, 88' एवढेच पाठवतो. पेटी तेच गणित करते आणि खूण जुळली तरच हुकूम पाळते. वाटेत कोणी 2 चा 3 केला, तर खूण 28 हवी, आली 88. हुकूम रद्द! जुनाच संदेश पुन्हा आला, तर 415 हा अनुक्रमांक होऊन गेलेला असतो. तोही रद्द!

हे रक्षण नसेल तर काय होते? अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये रस्ते विभागाच्या परवानगीने त्यांच्या सिग्नल यंत्रणेची तपासणी केली. चौकाचौकांना जोडणारे रेडिओसंदेश कूटात नव्हते. यंत्रांचे परवलीचे शब्दही कारखान्यातून आले तसेच राहिले होते. संशोधकांना दिवे हवे तेव्हा बदलता आले.

तरीही एक गोष्ट त्यांना साधली नाही. छेदणाऱ्या दोन्ही रस्त्यांना एकदम हिरवा दिवा देता आला नाही. पेटीत एक स्वतंत्र संरक्षक यंत्र असते. असा विरोध दिसताच ते नेहमीचा क्रम थांबवून चौकात लाल दिवे लुकलुकत ठेवते. त्यामुळे अशा प्रकारची टक्कर टळते; पण चौक तुंबतो, आणि त्या तुंबलेल्या रांगेत सीपीआर रुग्णालयाकडे निघालेली रुग्णवाहिका असू शकते. अपघात टाळणे हे संरक्षक यंत्राचे काम. वाहतूक वाहती ठेवायची तर हुकूमच खरा हवा.

आपल्या उदाहरणातील खूण समजण्यासाठी ठीक आहे, वापरण्यासाठी नाही. डोळे मिटून ठोकलेला अंदाजसुद्धा 97 पैकी एकदा बरोबर येईल. शिवाय तिच्यात आणखी एक दोष आहे. पद्धत सर्वांना ठाऊक असली तरी केवळ किल्लीच्या गुप्ततेवर रक्षण झाले पाहिजे, असे ऑग्युस्त केर्कहॉफ्स याने 1883 मध्ये सांगितले. आपली पद्धत या कसोटीला उतरते का, हे तुम्हीच तपासा. पुढचा संदेश आहे '2, 416, 49'. आधीचा संदेशही तुम्ही ऐकला आहे आणि 97 हा भाजक तुम्हाला ठाऊक आहे. आता दोन्ही गुप्त आकडे शोधून काढा. सुरुवात दोन खुणांच्या वजाबाकीने करा. उत्तर ऋण आले तर त्यात 97 मिळवा.