फीट आली तर कौल नको, तपासणी हवी

वेंगुर्ल्याच्या वाड्यांवर तरण्याताठ्या माणसाला फीट आली की अजूनही कुणीतरी हळूच देवचाराचे नाव घेते. १९५६ साली बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरांतही कांदा हुंगवणारे हात आम्ही पाहतो, म्हणून हे लिहिणे.

मेंदूत कधी कधी पातळ भिंतींच्या बारीक रक्तवाहिन्यांचा झुबका तयार होतो, तुतीच्या फळासारखा. डॉक्टर त्याला कॅव्हर्नोमा म्हणतात. साधारण २०० माणसांत एकाला तो असतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. पण त्यातून रक्त झिरपले तर फीट येते, डोके दुखते, हातपाय लुळे पडतात. सीटी स्कॅनमध्ये तो निसटू शकतो. एमआरआयमध्ये स्पष्ट दिसतो.

सापडला की लगेच कवटी उघडतात असे नाही. त्रास नसेल तर नुसते लक्ष ठेवतात. फीट येत असेल तर गोळ्या देतात, आणि त्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात. वारंवार रक्तस्राव झाला, गोळ्यांना दाद मिळेना आणि जागा सोयीची असली तर शस्त्रक्रिया.

काही घराण्यांत तो वारशाने येतो. तिथे प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. मुलीचे लग्न मोडेल म्हणून हे लपवणारे आईबाप तिच्या भावंडांचीही तपासणी चुकवतात.

फीट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर ताबडतोब जवळचे सरकारी रुग्णालय गाठा. पुढे बांबोळीला गोमेकॉत जायचे झाले तर जुने कागद आणि गोळ्यांची पाकिटे सोबत न्या.