पाण्याखालील सोबत : एका संकेतव्यवस्थेचा विचार

मुळशी धरणामुळे मुळा नदीच्या खोऱ्यातील अनेक गावे पाण्याखाली गेली. त्याविरुद्धचा 1921 ते 1924 चा सत्याग्रह सर्वांस परिचित आहे. अशा गढूळ, अवशेषयुक्त जलाशयात दोघे पाणबुडे उतरले, तर त्यांनी परस्परांशी संपर्क कसा राखावा, हा प्रश्न वरवर पाहता क्रीडाशास्त्राचा वाटतो. परंतु भाषाभ्यासकानेही त्याची उपेक्षा करू नये.

पाण्याखाली वाणी निरुपयोगी ठरते ती ध्वनी पोहोचत नाही म्हणून नव्हे. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे 1,500 मीटर, म्हणजे हवेतल्याच्या चौपटीहून अधिक असतो. मात्र तोंडात श्वसनयंत्र असल्याने उच्चारण अशक्य होते. आणि ध्वनी दोन्ही कानांशी जवळजवळ एकाच क्षणी येत असल्याने त्याची दिशा उमगत नाही. टाकीवर ठोकून लक्ष वेधता येते. सोबती कोठे आहे हे त्यावरून कळत नाही.

म्हणून हस्तसंकेत आले. मालवणजवळ तारकर्लीस समुद्रात उतरणाऱ्या नवशिक्यासही ते आधी शिकवितात. अंगठा व तर्जनी यांचे कडे म्हणजे ‘ठीक’. वर केलेला अंगठा म्हणजे मात्र ‘वर चला’. ‘उत्तम’ म्हणून अंगठा दाखविणारा नवखा नकळत बुडी संपविण्याचीच आज्ञा देतो! सोस्यूरने प्रतिपादिलेली चिन्हाची यादृच्छिकता याहून स्पष्ट क्वचितच दिसेल. (आपली मान हलविण्याची संदिग्ध लकब तर येथे सर्वस्वी त्याज्यच.)

‘ठीक’ हा संकेत प्रश्न आहे आणि उत्तरही. याकोब्सनने 1960 साली भाषेचे जे संपर्कसाधक कार्य सांगितले, ते येथे शुद्ध रूपात आढळते. ‘काय, बरं आहे ना?’ असे रस्त्यात विचारणारा उत्तरासाठी थांबतोच असे नाही. पाण्याखाली उत्तर अनिवार्य असते. ते न आल्यास सोबती संकटात आहे असेच मानावयाचे.

दृश्यता हातभर उरली की हस्तसंकेत संपतात. मग एकमेकांस धरून राहणे, अथवा एक-दोन मीटर लांबीची दोरी दोघांनी हाती धरणे, हेच उपाय. दोरीच्या हिसक्यांचे अर्थ सर्वत्र एक नाहीत. ते काठावरच ठरवून घ्यावे लागतात. बुडालेल्या खोडांत दोरी अडकण्याचा धोका असल्याने ती अंगास बांधू नये, सोडता येईल अशी धरावी. सोबत सुरीही असावी.

एवढे करूनही ताटातूट झाली, तर फार तर एक मिनिट आसपास शोधावे, आणि मग बेताच्या गतीने पृष्ठभागावर यावे, असा सर्वमान्य नियम आहे. भाषादृष्ट्या मला हाच सर्वाधिक लक्षणीय वाटतो. येथे कोणताही संदेश जात नाही वा येत नाही. तथापि दुसराही हेच करीत असणार हे प्रत्येकास ठाऊक असते, आणि त्या पूर्वसंकेताच्या बळावरच दोघे वर येऊन भेटतात. एकाने नियम मोडून खाली शोध लांबविला, तर वर आलेल्यास तो बुडाला की केवळ रेंगाळला, हे जाणण्याचे कोणतेही साधन उरत नाही.