किरणांनी घडवलेला भुईमूग

किरणांच्या माऱ्याने पिकांत उत्परिवर्तन घडवण्याचे तंत्र जनुक-संपादनापेक्षा कितीतरी जुने आहे. मे २०२५ मध्ये जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर झाले आणि बियाण्यातील हस्तक्षेपाची चर्चा पुन्हा तापली. त्या चर्चेत ट्रॉम्बेच्या भुईमुगाचे नाव क्वचितच निघते. महाराष्ट्रात तरी ते आधी निघायला हवे.

क्ष-किरणांनी जनुके बदलतात हे हर्मन मुलर यांनी १९२७ मध्ये फळमाशीवर दाखवले. पाठोपाठ अमेरिकेतच लुईस स्टॅडलर यांनी बार्ली आणि मक्यावर तेच सिद्ध केले. पिके सुधारण्यासाठी याचा फारसा उपयोग होईल असे खुद्द स्टॅडलर यांना वाटत नव्हते. बहुतेक उत्परिवर्तने झाडाला अपायकारकच असतात, त्यामुळे त्यांची शंका निराधार नव्हती.

आता मुख्यतः कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण वापरतात. ते पेशीतील डीएनएचे धागे तोडतात. पेशी ते पुन्हा जोडते, पण जोडताना चुका राहतात आणि त्याच पुढच्या पिढीत उतरतात. मात्रा कमी पडली तर बदल थोडे, जास्त झाली तर बी मरते. पहिल्या पिढीत फारसे काही दिसत नाही, कारण बहुतेक बदल अप्रभावी असतात. दुसऱ्या पिढीत हजारो झाडे लावून त्यांतले एखादे वेगळे झाड हेरावे लागते. खरे कसब या निवडीत आहे. किरणांचे काम काही मिनिटांत वा तासांत उरकते. बियाणे किरणोत्सारी होईल ही भीती मात्र साफ काढून टाकावी, तसे होत नाही.

भुईमुगाला या तंत्राची विशेष गरज होती. लागवडीखालच्या भुईमुगात मुळातच जनुकीय वैविध्य कमी, फूल स्वपरागित आणि संकर करणे नाजूक काम. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘स्पॅनिश इम्प्रूव्ह्ड’ या वाणावर क्ष-किरण सोडून टपोऱ्या दाण्याचा टीजी-१ मिळाला. तो १९७३ मध्ये प्रसारित झाला. पुढे अशा उत्परिवर्तितांचे आपापसांत संकर झाले आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर निमखुजा, लवकर येणारा टीएजी-२४ तयार झाला. नावातला ‘ए’ अकोल्याचाच. असे झाड पाला वाढवण्याऐवजी शेंगा भरण्यावर जोर देते. प्रयोगशाळा आणि कृषी विद्यापीठ यांची ही जोड या यशाचा कणा आहे, आणि तिचे श्रेय किरणांइतकेच मानायला हवे. टीएयू-१ उडीदही याच जोडीचा.

हेच तंत्र गव्हातही वापरले गेले: कृषिशास्त्रज्ञ डॉ. स्वामिनाथन यांच्या चमूने तांबूस दाण्याच्या सोनोरा-६४ पासून गॅमा किरणांनी पिवळसर दाण्याचा ‘शरबती सोनोरा’ काढला.

किरणांनी कुठे आणि किती बदल होतील हे आधी ठरवता येत नाही, तरी या वाणांना जनुकांतरित पिकांचे नियम लागत नाहीत. जनुक-संपादनात बदल नेमक्या जागी होतो, परीक्षा मात्र अनेक ठिकाणी त्याचीच कडक. हे तर्काला धरून नाही. युरोपीय न्यायालयाने २०१८ मध्ये जुन्या उत्परिवर्तन तंत्रांना सूट कायम ठेवून संपादित पिकांना नियमांच्या कक्षेत आणले. भारताने मात्र २०२२ मध्ये, परके जनुक न घातलेल्या संपादित पिकांना जनुकांतरित पिकांच्या कठोर तरतुदींतून वगळले.