सातव्या वर्षी नांगर थांबे तिथवर

जॉर्डन नदीच्या खोऱ्यात, बेत शेआन या जुन्या शहराच्या दक्षिणेला रेहोव्ह नावाचं एक ज्यू गाव होतं. १९७०च्या दशकात तिथल्या सिनेगॉगचं उत्खनन झालं आणि प्रवेशदालनाच्या फरशीवर रंगीत खड्यांत जडवलेला २९ ओळींचा हिब्रू लेख उजेडात आला. लेख साधारण सहाव्या शतकाच्या आसपासचा. कुणा राजाची स्तुती त्यात नाही, विजयाची नोंदही नाही. आरंभी ‘शालोम’ म्हणून अभिवादन आणि पाठोपाठ काकडी, कलिंगड, तीळ, मोहरी, तांदूळ, जिरं, लसूण, मापाने विकला जाणारा कांदा, दाबलेला खजूर अशी यादी. मग गावांची नावं सुरू होतात आणि बघता बघता ती एका देशाची हद्द आखू लागतात: अश्कलोनचा चौरस्ता, किनाऱ्यावरचं दोर, अक्कोची तटबंदी, तिथून आत डोंगरांकडे.

शेतमाल आणि सीमा एकाच लेखात येण्याचं कारण तोरा या ज्यू धर्मग्रंथातल्या नियमांत आहे. दर सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यायचा, पेरणी करायची नाही. या वर्षाला ‘शमिता’ म्हणतात. एरवीच्या वर्षांत पिकाचा ठरावीक वाटा काढून ठेवायचा. हे नियम मुळात एका विशिष्ट भूमीचे, म्हणजे एरेत्झ इस्राएलचे. इजिप्तमधल्या ज्यू शेतकऱ्याने शमिता पाळायची नव्हती. त्यामुळे देश कुठे संपतो हा प्रश्न दरबाराइतकाच बाजारातल्या गिऱ्हाइकाचाही होता. समोरची काकडी वेशीच्या अलीकडची की पलीकडची, हे कळल्याशिवाय ती सातव्या वर्षी खाता येत नव्हती.

त्यातही बेत शेआनचं प्रकरण नाजूक. शहरात मिश्र वस्ती होती, ग्रीक वळणाची संस्कृती होती. इ.स. २००च्या सुमारास मिश्ना या धर्मशास्त्रीय ग्रंथाचं संकलन करणाऱ्या रब्बी येहुदा हानासींनी बेत शेआनला या बंधनांतून मोकळं केलं. त्यामागे एक जुना भेद आहे. इजिप्तमधून मोशेमागोमाग आलेल्यांनी वसवला तो प्रदेश मोठा, आणि पुढे बाबिलोनच्या निर्वासनातून परतलेल्यांनी वसवला तो लहान. दुसऱ्या वस्तीची हद्द नियमांसाठी अधिक बंधनकारक मानली गेली. पहिल्या हद्दीतला काही मुलूख मुद्दाम बाहेर ठेवला, म्हणजे सातव्या वर्षी गरिबांना तिथल्या धान्यावर गुजराण करता येईल, असं तालमुद या मिश्नेवरच्या भाष्यग्रंथात सांगितलं आहे. भुकेचा विचार करून देशाची हद्द आत ओढणारे शास्त्रकार इतिहासात फार भेटत नाहीत. हा हिशेब आजही संपलेला नाही. २०२१-२२ हे शमितेचं वर्ष होतं. दक्षिणेकडच्या अरावा वाळवंटातली भाजी अनेक रब्बींच्या मते जुन्या हद्दीबाहेरची ठरते, म्हणून अशा वर्षी धार्मिक कुटुंबांकडून तिला मागणी येते.

राजांची हद्द मात्र सतत हलत राहिली. इस्राएल या नावाचा बायबलबाहेरचा सर्वांत जुना सर्वमान्य उल्लेख इ.स.पू. १२०८च्या सुमाराचा आहे. इजिप्तचा फॅरो मेरनेप्ताह याचा तो विजयस्तंभ फ्लिंडर्स पेट्री यांना १८९६मध्ये सापडला. त्यावर इस्राएल या नावाला जोडलेली चित्रलिपीतली खूण लोकसमूहाची आहे, देशाची नाही. म्हणजे शिलालेखात लोक आधी भेटतात, त्यांच्या राज्याच्या सीमा नंतर. उत्तरेला तेल दान इथे १९९३मध्ये मिळालेल्या अरामी शिलालेखात ‘दावीदच्या घराण्या’चा उल्लेख आहे. तो इ.स.पू. नवव्या शतकातला. तोवर उत्तरेला इस्राएल आणि दक्षिणेला यहुदा अशी दोन राज्यं होती. पहिलं इ.स.पू. ७२२च्या सुमारास असिरियाने संपवलं. दुसरं इ.स.पू. ५८६मध्ये बाबिलोनने बुडवलं, जेरुसलेमचं मंदिर जाळलं.

पुढे इराणी सम्राट कुरूशच्या परवानगीने काही लोक परतले. त्यांच्या वाट्याला आला तो ‘येहूद’ नावाचा इवलासा प्रांत. बहुतेक अभ्यासकांच्या मते हेब्रोन, म्हणजे अब्राहमचं दफनस्थान, त्या प्रांताबाहेर होतं. पूर्वजांच्या कबरी वेशीपलीकडे राहिल्या, तरी त्यांच्याशी असलेलं नातं तुटलं नाही.

काही शतकांनी उलटा अनुभव आला. ग्रीक अंमलाविरुद्ध मक्काबी बंधूंनी उठाव केला, इ.स.पू. १६४मध्ये मंदिर शुद्ध करून घेतलं आणि त्यांच्या हास्मोनी घराण्याने राज्य वाढवत नेलं. योहान हिर्कानसने दक्षिणेचा इदुमिया जिंकून तिथल्या लोकांना ज्यू धर्म घ्यायला लावला. अलेक्झांडर यान्नाई (इ.स.पू. १०३–७६) याच्या काळात गाझापासून गोलानपर्यंत आणि जॉर्डनपलीकडच्या मुलखातही त्यांची सत्ता पोचली. हा विस्तार तलवारीचा होता, हे ज्यू इतिहासाच्या वाचकानेही स्पष्ट म्हणायला हवं. इ.स.पू. ६३मध्ये रोमन सेनापती पॉम्पी आला आणि त्याने किनाऱ्यावरची शहरं या राज्यापासून तोडली. इ.स. ७०मध्ये दुसरं मंदिर पडलं. १३२ ते १३५ या काळातला बार कोखबाचा उठाव चिरडल्यावर सम्राट हाद्रियनने जेरुसलेमच्या जागी एलिया कापितोलिना ही रोमन वसाहत उभारली, तिथे ज्यूंना बंदी केली आणि प्रांताला ‘सिरिया पालेस्तिना’ हे नाव मिळालं.

तेव्हापासून देश रिकामा झाला, हा समज बरोबर नाही. ज्यूंचं केंद्र उत्तरेला गालीलमध्ये सरकलं. मिश्ना तिथेच सिद्ध झाली, पुढे तिबेरियातल्या विद्वानांनी जेरुसलेम तालमुद रचला. ३३३मध्ये बोर्दोहून आलेल्या एका ख्रिस्ती यात्रेकरूने लिहून ठेवलं आहे, की ज्यू वर्षातून एकदा मंदिराच्या भग्न जागी येतात, एका शिळेपाशी विलाप करतात आणि कपडे फाडून परततात. सातव्या शतकात अरबांचा अंमल आल्यावर त्यांना जेरुसलेममध्ये पुन्हा राहता आलं. १०९९मध्ये क्रुसेडरांनी तिथे मुसलमान आणि ज्यू दोघांची कत्तल केली. १२६७मध्ये स्पेनमधले थोर पंडित नाखमानिदेस उतारवयात तिथे पोचले, तेव्हा त्यांना शहरात रंगाऱ्याचा धंदा करणारे दोन ज्यू भाऊ काय ते भेटले.

या सगळ्या माणसांत इश्तोरी हापार्ही यांच्यापाशी थोडं थांबायला हवं. १३०६मध्ये फ्रान्सच्या राजाने ज्यूंना हाकलून दिलं, त्यात प्रोव्हान्सचा हा तरुण वैद्यही होता. फिरत फिरत तो पवित्र भूमीत आला आणि बेत शेआनमध्ये राहिला. सीमांचे प्रश्न पोथीत बसून सुटणार नाहीत हे त्याच्या ध्यानात आलं. मग त्याने वर्षानुवर्षं देश पालथा घातला, गावांची अरबी नावं आणि ग्रंथांतली हिब्रू नावं ताडून पाहिली, अंतरं नोंदली. १३२२मध्ये पूर्ण झालेला त्याचा ‘कफ्तोर वाफेराह’ हा ग्रंथ या भूमीच्या भूगोलावरचा हिब्रूतला आद्य ग्रंथ मानतात. राज्य मामलुकांचं होतं, ज्यू सत्ता संपून हजाराहून अधिक वर्षं झाली होती. कुठल्याही राजाला नको असलेली ती मोजणी त्याने केली, कारण सातव्या वर्षी कोणत्या शेतात नांगर थांबायचा हे त्याला खात्रीने सांगायचं होतं.

जे कधी तिथे गेलेच नाहीत, त्यांच्यापाशी ती भूमी पंचांगाच्या वाटेने पोचली. साधारण ऑक्टोबरमध्ये, शेमिनी अत्झेरेतच्या दिवशी जगभरचे ज्यू पावसाची प्रार्थना म्हणतात, कारण त्या भूमीतला पावसाळा तेव्हा सुरू होतो. खुद्द त्या देशात पाऊस मागण्याचं रोजच्या प्रार्थनेतलं वाक्य सणानंतर पंधरा दिवसांनी सुरू करावं, असं मिश्नेत आहे. सणासाठी जेरुसलेमला आलेला शेवटचा यात्रेकरू फरात नदीपर्यंत कोरडा पोचावा म्हणून ही सवड.

शेमिनी अत्झेरेतची पावसाची प्रार्थना कोकणातही होते. अलिबाग, पेण, रोह्याच्या परिसरातले बेने इस्राएल ज्यू आपल्या पूर्वजांचं जहाज नवगावजवळ फुटलं आणि सात जोडपी वाचली असं सांगत आले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ ही त्यांची ओळख. दिवेकर, पेणकर, नवगावकर, केहिमकर ही आडनावं इथल्याच गावांची. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६मध्ये मुंबईत बांधलेलं शाआर हारहमीम हे या समाजाचं पहिलं सिनेगॉग. इथे पवित्र ग्रंथांचं कपाट पश्चिमेकडे, कारण जेरुसलेम त्या दिशेला. ऑक्टोबरात कोकणातला पाऊस परतलेला असतो, भात कापणीला येतं, आणि हा समाज समुद्रापलीकडच्या डोंगरांसाठी पाऊस मागतो. स्थानिक शेतीच्या विरुद्ध जाणारी ही प्रार्थना कुणी बदलली नाही. माणसांचा एखाद्या भूमीशी संबंध किती खोल असू शकतो, याचा याहून बोलका पुरावा सापडणं कठीण.

१९४८नंतर यातले बहुतेक इस्राएलला गेले. अनेकजण दिमोना, बीरशेबा या दक्षिणेकडच्या गावांत वसले. तिथे त्यांना आणखी एका वेशीला तोंड द्यावं लागलं. मुख्य रब्बींच्या कचेरीने त्यांच्या विवाहांसाठी पूर्वजांची चौकशी आवश्यक ठरवली. बेने इस्राएलांनी १९६४मध्ये जेरुसलेममध्ये धरणं धरलं, त्यानंतर क्नेसेतने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं. शतकानुशतकं पश्चिमेकडे तोंड करून प्रार्थना करणाऱ्या समाजावर ही वेळ येणं हा उघड अन्याय होता.

आज नकाशावर दिसणाऱ्या रेषांचा उगम मात्र बराच अलीकडचा. इजिप्तच्या बाजूची रफाह ते ताबा ही रेघ १९०६मध्ये ब्रिटिशांच्या दबावाखाली ऑटोमन साम्राज्याने मान्य केली. ज्यूंच्या राष्ट्रीय निवासाला पाठिंबा देणाऱ्या ब्रिटनच्या १९१७च्या बाल्फोर जाहीरनाम्यात सीमांचा उल्लेखच नव्हता. १९१९च्या पॅरिस शांतता परिषदेपुढे झायनवादी संघटनेने नकाशा मांडला, तो लितानी नदी आणि हेर्मोन पर्वताचा उतार सामावून घेणारा होता. त्यात स्मृतीपेक्षा पाटबंधाऱ्यांचा विचार जास्त होता. ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी ‘दानपासून बीरशेबापर्यंत’ हे बायबलमधलं माप धरलं आणि दान नेमकं कुठे हे ठरवायला जॉर्ज अ‍ॅडम स्मिथ या स्कॉटिश धर्मपंडिताच्या ऐतिहासिक नकाशांचा आधार घेतला. अखेर न्यूकोंब आणि पोले या ब्रिटिश व फ्रेंच अधिकाऱ्यांनी आखलेली रेघ १९२३मध्ये अमलात आली. लितानी फ्रेंचांकडे राहिली. गालीलचा अख्खा समुद्र ब्रिटिश पॅलेस्टाइनमध्ये आला आणि ईशान्य किनाऱ्यालगत दहा मीटरची पट्टीही. पुढे सीरियाशी झालेल्या वाटाघाटींत याच चिंचोळ्या पट्टीवर घोडं अडत राहिलं.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने फाळणीची योजना ३३ विरुद्ध १३ मतांनी मंजूर केली. भारताने विरोधात मत दिलं. ज्यूंनी योजना स्वीकारली, अरबांनी नाकारली, युद्ध झालं. सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब बेघर झाले. पुढच्या वर्षांत अरब देशांतल्या लाखो ज्यूंनाही घरदार सोडावं लागलं. ज्या अरब कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या त्याच टेकड्यांवर जैतून राखलं, त्यांचंही नातं त्या मातीशी आहे. ज्यूंच्या नात्याचं प्राचीनत्व सिद्ध करण्यासाठी ते नाकारण्याची काहीच गरज नाही.

नोव्हेंबर १९४८च्या अखेरीस जेरुसलेमात इस्राएलचे मोशे दायान आणि जॉर्डनचे अब्दुल्ला अल-तल यांनी १:२०,००० प्रमाणाच्या नकाशावर मेणाच्या पेन्सिलींनी युद्धविरामाच्या रेघा ओढल्या. कागदावर तीन-चार मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे जमिनीवर ६० ते ८० मीटर. त्या जाडीत घरं आणि रस्ते सापडले. ती जागा कुणाची, हे ठरवण्यात वर्षं गेली. शहराच्या दक्षिणेचं बेत सफाफा हे अरब गाव १९४९च्या तहानंतर दुभंगलं, कारण जाफाकडे जाणारा लोहमार्ग इस्राएलला हवा होता. १९६७पर्यंत एकाच गावातल्या नातलगांना कुंपणाच्या दोन बाजूंना उभं राहून सुखदुःखं वाटून घ्यावी लागली. त्याच काळात, जाऊ दिलं जाईल असं तहात लिहिलेलं असूनही, ज्यूंना जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी जाता आलं नाही.

१९६७च्या जूनमध्ये सहा दिवसांत सिनाई, गाझा, गोलान आणि जॉर्डनचा पश्चिम किनारा इस्राएलच्या ताब्यात आले. यातला सिनाई सर्वांत मोठा, आणि तोच १९७९च्या करारानुसार १९८२पर्यंत इजिप्तला परत गेला. ताबा इथल्या जेमतेम एक चौरस किलोमीटरच्या तुकड्यासाठी लवाद बसला, जुन्या सीमास्तंभांच्या जागा तपासल्या गेल्या. १९८८मध्ये निकाल इजिप्तच्या बाजूने लागला आणि मार्च १९८९मध्ये इस्राएलने तो तुकडा सोडला. मोशेला धर्माज्ञा मिळाल्या त्या पर्वताचं नाव सिनाई. पण नांगर आणि दशांशाच्या नियमांच्या हद्दीत ते वाळवंट कधी नव्हतंच. सिनाई सोडणं शक्य झालं, त्यामागे करार आणि सुरक्षेच्या हमीबरोबर हेही एक कारण असावं.

हेब्रोनचं तसं नाही. अब्राहम, म्हणजेच मुसलमानांचे इब्राहिम, आणि त्यांचं कुटुंब तिथे विसावलेलं आहे अशी दोघांचीही श्रद्धा. कबरींभोवतीची भव्य भिंत हेरोद राजाच्या काळातली, आतली मशीद अनेक शतकांची. १९२९च्या दंगलीत तिथे ६७ ज्यू मारले गेले आणि ज्यू वस्ती उठली. १९९४मध्ये एका ज्यू बंदूकधाऱ्याने तिथे नमाज पढणाऱ्या २९ मुसलमानांना ठार केलं. १९९७च्या करारात शहराचेच दोन भाग झाले, मोठा पॅलेस्टिनी प्रशासनाकडे, लहान इस्राएली लष्कराच्या नियंत्रणाखाली. कबरींची वास्तूही आतून विभागलेली आहे. एरवी दोन्ही समाज आपापल्या भागात प्रार्थना करतात. वर्षातले ठरावीक दहा दिवस संपूर्ण वास्तू ज्यूंसाठी मोकळी असते, आणि दुसरे दहा दिवस मुसलमानांसाठी.