प्रतिजैविकांना वनौषधींचा पर्याय : कोठे आणि कोठवर?

वर्षा व शरद ऋतूंत प्रतिश्याय, कास, ज्वर आणि अतिसार यांचे रुग्ण वाढतात. त्यांपैकी काहीजण ‘ताकदीची कॅप्सूल’ मागतात, तर काहीजण ‘आयुर्वेदातले अँटिबायोटिक’ आहे का, असे विचारतात. या दोन्ही मागण्यांना शास्त्रशुद्ध उत्तर देणे हे वैद्य व औषधविक्रेते या दोघांचेही कर्तव्य आहे.

हा विषय आपल्या शहराच्या विशेष जवळचा आहे. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील वोक्हार्टच्या संशोधन केंद्रात नव्या प्रतिजैविकांवर दीर्घकाळ काम झाले. याच कंपनीचे नॅफिथ्रोमायसिन हे न्यूमोनियावरील औषध नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. त्यामागे सुमारे १४ वर्षांचे संशोधन व ५०० कोटी रुपयांचा खर्च असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. इतक्या सायासाने हाती आलेली औषधे साध्या सर्दीत वापरली गेली, तर जंतू त्यांना दाद देईनासे होतात. महाराष्ट्रात शासकीय आदेशांन्वये आयुर्वेद पदवीधरही काही मर्यादेत आधुनिक औषधे लिहितात. म्हणून ही जबाबदारी आपलीही आहे.

तथापि, निंब अथवा हरिद्रा यांना ‘नैसर्गिक प्रतिजैविक’ म्हणणे योग्य नव्हे. काचपात्रात जंतूंची वाढ रोखणारा अर्क रुग्णाच्या रक्तात तितक्या मात्रेत पोहोचतोच असे नाही. हळदीतील कर्क्युमिनचे शोषण तर फारच अल्प होते. जर्मनीत मूत्रमार्गाच्या साध्या जंतुसंसर्गात बेअरबेरी या वनस्पतीची पाने देऊन घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत प्रतिजैविकांचा वापर पुष्कळ घटला. परंतु रुग्णांचा त्रास अधिक राहिला आणि वृक्कापर्यंत संसर्ग जाण्याची चिंताही उरली.

मग आपले क्षेत्र कोणते? जेथे प्रतिजैविकाची मुळात गरजच नसते, तेथे. सर्दी, बहुतेक खोकले आणि पुष्कळसे जुलाब हे विषाणुजन्य असून काही दिवसांत आपोआप शमतात. तेथे सितोपलादि, तालीसादि, वासा, शुंठी, लंघन व उष्णोदक यांची योजना रुग्णाला आराम देते आणि अनावश्यक कॅप्सूल टाळते. वासेतील व्हॅसिसिनवरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध निघाले, हे येथे स्मरावे. अतिसारात क्षारसंजीवनी प्रथम. कुटजाची योजना आमावस्था पाहून करावी. आमातिसारात आरंभीच स्तंभन करू नये, हा चरकाचार्यांचा इशारा आजही तितकाच लागू आहे.

मर्यादारेषाही स्पष्ट हवी. दोन महिन्यांखालील बालकाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतील बालकाचा ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या बालकाचा ४० किंवा अधिक असल्यास, अथवा छाती आत ओढली जात असल्यास क्षणभरही थांबू नये. रक्तमिश्रित मल, थंडी वाजून ज्वर व कुशीत वेदनेसह मूत्रदाह, ग्लानी, दोन आठवड्यांहून अधिक काळचा कास, यांतही तपासणी व योग्य ठिकाणी पाठवणी तात्काळ व्हावी. अशा रुग्णाला काढ्यावर थोपवून धरणे म्हणजे शास्त्राचीच अप्रतिष्ठा होय.

औषधविक्रेत्यांचा वाटाही मोठा आहे. वेष्टनावरील लाल रेषा चिठ्ठीविना विक्री नको, हे सांगते. मार्च २०१४ पासून लागू असलेल्या ‘एच-१’ परिशिष्टातील औषधांची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. शिल्लक राहिलेल्या चार गोळ्या ‘मागच्या वेळी गुण आला होता’ म्हणून देऊ नयेत. वनौषधींच्या बाबतीत द्रव्यओळख पाहावी. दारुहरिद्रेच्या नावाखाली दुसरीच वेल विकली जाते, हे सर्वज्ञात आहे. चूर्णात आधुनिक औषध मिसळणे तर अक्षम्यच.

चरकांनी विमानस्थानात कृमिचिकित्सेचे अपकर्षण, प्रकृतिविघात व निदानपरिवर्जन असे तीन उपाय सांगितले. आज आपण पहिल्या उपायाच्याच मागे धावतो. शुद्ध पाणी, हात धुणे, लसीकरण व पथ्य यांनी रोगच टळला, तर प्रतिजैविकही वाचते आणि काढाही. निदानपरिवर्जनाचा हा सल्ला प्रत्येक चिठ्ठीवर औषधाच्या आधी लिहिला जावा, एवढीच विनंती.