पोराला कुत्रं चावलं, तर आधी साबण-पाणी

कडब्याच्या गंजीखाली कुत्री व्यालेली असते. पोर पिलू उचलायला वाकते आणि कुत्री अंगावर येते. मोठ्या माणसाला चावा बहुधा पायाला बसतो. लहानग्याचे तोंड, मान न् हातच तिच्या तोंडापाशी असतात. रेबीजचे विषाणू लाळेतून जखमेत शिरतात आणि नसांच्या वाटेने मेंदूकडे सरकतात. चेहऱ्याच्या चाव्याला ती वाट थोडकी असते.

त्यात मार बसेल या धाकाने पोरे चावा लपवतात. म्हणून, मायबहिणींनो, अंघोळ घालताना अंगावर ओरखडा दिसला तर न रागावता विचारा. नुसत्या ओरखड्यातूनही हा रोग होऊ शकतो. एकदा का रोगाची लक्षणे दिसली, की माणूस सहसा वाचत नाही.

चावल्याबरोबर पोराला नळाखाली किंवा हातपंपाखाली धरा आणि साबण लावून जखम पंधरा मिनिटे धुवा. घड्याळ लावूनच धुवा, कारण रडणाऱ्या पोरापुढे दोन मिनिटेही पुष्कळ वाटतात. या विषाणूभोवती स्निग्ध वेष्टन असते, ते साबणाने फुटते. तिखट, चुना, हळद, तंबाखू यांतले काही लावू नका. जखम घट्ट बांधू नका. भगताकडे जाण्यात दिवस घालवू नका.

धुऊन झाले की त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरातली म्हातारी माणसे पोटातल्या चौदा सुयांची आठवण काढतात. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस होती; आपल्या देशात २००५ च्या सुमारास ती बंद झाली. आता सुया दंडात, अगदी लहानग्याला मांडीत देतात. कातडीत देण्याच्या पद्धतीत पहिल्या दिवशी, मग त्यापासून ३, ७ आणि २८ दिवसांनी. रक्त आले असेल तर जखमेत वेगळे औषधही भरावे लागते. ते जवळच्या केंद्रात नसेल तर कुठे मिळेल हे तिथेच विचारून पुढे निघा. धनुर्वाताच्या सुईचेही विचारा.

कुत्रे घरचे असेल तर मारू नका, बांधून दहा दिवस लक्ष ठेवा. पण पहिली सुई त्यासाठी थांबवू नका. ते धडधाकट राहिले तर पुढचे डॉक्टर ठरवतील.

जखम भरली की शेवटची सुई हमखास विसरते, त्यातून सुगी असली तर विचारूच नका. चारही तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर आजच लिहा, आणि दवाखान्याचा कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.