मशेबाबांच्या घरातला स्टुडिओ

चित्रकाराचा स्टुडिओ म्हटलं की मोठी खिडकी, स्टँडवरचा कॅनव्हास, पिळून टाकलेल्या रंगांच्या ट्यूबा असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडला जिव्या सोमा मशे यांच्याकडे यातलं काही नव्हतं. शेणाने किंवा गेरूने सारवलेलं कापड, पांढरा रंग, डिंक आणि बारीक काडी, एवढाच संसार. पण देशोदेशीचे लोक या घरी येऊन गेले.

यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही सिल्वासाला टोकरखाड्यात राहायला आलो. वारली माणसं दादरा-नगर हवेलीतही आहेत, त्यामुळे ही चित्रं आम्हाला नवी नव्हती. तलासरीवरून हायवेने चारोटी, तिथून डहाणूच्या रस्त्याला लागलं की गंजाड. 2012 च्या दिवाळीच्या सुट्टीत सासूबाईंना घेऊन गेलो. आदल्याच वर्षी मशेबाबांना पद्मश्री मिळाली होती.

त्यांचा जन्म 1934 चा, तलासरी तालुक्यातला. लहानपणी आई गेली आणि त्या धक्क्याने त्यांचं बोलणंच थांबलं. पोर धुळीत चित्रं काढून मनातलं सांगे. वारल्यांमध्ये तेव्हा चित्र काढणं हे बायकांचं काम. लग्नात सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, मधोमध पालघाट देवी. चौक नाही तर लग्न नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद घेऊन या पाड्यांवर आले आणि मशेबाबांचा हात त्यांनी ओळखला. लग्न नसतानाही, निव्वळ चित्रासाठी चित्र काढणारा हा माणूस! 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, 1989 मध्ये पॅरिसचं प्रदर्शन. 2003 मध्ये तर रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताबरोबर जर्मनीत त्यांची चित्रं लागली.

त्यांचं मासे पकडायचं जाळं बघावं. हजारो बारीक रेघा, आणि जाळं हललं की काय असं वाटतं. छापील फोटोत ते कळत नाही, कापडाजवळ नाक नेलं की कळतं.

सासूबाई मात्र चौकापुढेच थांबल्या. त्या मूळच्या सागरकडच्या, शिवमोग्ग्याच्या मलनाडातल्या. म्हणाल्या, "अय्यो, इदु नम्म हसे अल्लवा?" आपल्यापैकी अनेकांच्या लग्नात हसेमणे असतेच. त्यांच्या भागात दीवरू समाजाच्या बायका लग्नघराच्या भिंतीवर हसे चित्तारा काढतात. लाल मातीची भिंत, वर तांदळाचं पांढरं, तागासारख्या पुंडीच्या धाग्याचा कुंचला. फरक आहेच. चित्तारात काळा आणि पिवळाही येतो, आडव्या-उभ्या रेघांची वीण अधिक दाट असते. पण तांदूळ तोच, आणि काढणाऱ्या हातांना नाव नसणंही तेच. मशेबाबांचं नाव जगभर झालं याचा आनंदच आहे, पण ज्या धवलेऱ्यांच्या गाण्यावर आणि सुवासिनींच्या हातांवर हे उभं राहिलं, त्यांची नावं कुणी लिहून ठेवली? मला हे टोचतं.

आमच्याबरोबरच्या एका गृहस्थांनी तिथे चित्राच्या किमतीवरून घासाघीस सुरू केली. वारली छापाची चादर बाजारात दोनशेला मिळते म्हणाले. सासूबाईंनी त्यांना मराठीत एवढंच विचारलं, "चादरीवर लग्न लावता का?"

वारली चित्रकलेला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. छापाच्या चादरी तरीही विकल्या जातातच. मशेबाबा मे 2018 मध्ये गेले. त्यांची मुलं सदाशिव आणि बाळू यांनीही हीच कला धरली.

घरी परतल्यावर सासूबाईंनी तांदूळ भिजत घातले. पण आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला ऑइलपेंट, त्यावर पीठ धरेना. मग मागच्या कंपाउंडच्या भिंतीला गेरू फासला. नव्वद मिनिटांत त्यांची जेमतेम एक चौकट झाली, आणि लेकीने शेजारी वारली बाई काढली, तिच्या डोक्यावर घागर.